लाइनबॅकरचं करिअर: किती वर्षांचं, किती पैशांचं आणि शरीराला केवढ्याला पडतं?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या संघात लाइनबॅकर खेळतो, कोच कौतुक करतात आणि त्याच्या डोक्यात एनएफएलशिवाय, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगशिवाय, दुसरं काही शिरत नाही. वडिलांचं म्हणणं, हे आत्ताच बंद करा. तर व्यावसायिक लाइनबॅकरचं करिअर असतं कसं, टिकतं किती, पैसा किती मिळतो आणि डोक्याला मार बसतो म्हणतात त्यात तथ्य किती?

मी फिजिओथेरपी पुण्यात शिकले, पुढे अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणारी) झाले आणि कॉलेज फुटबॉलच्या संघांबरोबर बरीच वर्षं काम केलं. उपचारांच्या टेबलावर लाइनबॅकर कायम असायचे. त्यातले मोजके एनएफएलपर्यंत पोचले, बहुतेक नाही पोचले. मी कोच नाही. डावपेचांबद्दल जे लिहिते ते व्हिडिओच्या खोलीत मागे बसून ऐकलेलं आहे. शरीराबद्दल जे लिहिते ते हाताखालून गेलेलं आहे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज येईल: मुलाला खेळू द्या, पण अटी घालून, आणि एनएफएलच्या भरवशावर घरातला एकही निर्णय घेऊ नका. या जागेवरचा माणूस मोठा होतो तो बुद्धीच्या जोरावर, आणि ज्या डोक्याच्या बळावर तो कमावतो तेच दर रविवारी पणाला लागतं. बाकीच्या जागांवरही मार आहे, पण हा पेच लाइनबॅकरइतका उघड कुठेच दिसत नाही.

जागा समजून घेऊ. बचावात अकरा जण. सगळ्यात पुढे लाइनमधले, सव्वाशे-दीडशे किलोचे. सगळ्यात मागे कॉर्नर आणि सेफ्टी, हलके आणि चपळ. लाइनबॅकर या दोघांच्या मध्ये, चेंडूपासून चार-पाच यार्ड मागे उभा असतो आणि दोघांचीही कामं त्याच्याच गळ्यात पडतात. एका खेळीला समोरच्या संघाच्या लाइनमधल्या दीडशे किलोच्या गार्डला अंगावर घ्यायचं, पुढच्याच खेळीला पाठ वळवून वीस यार्ड मागे धावत पास अडवायचा. म्हणून वजन साधारण १०० ते ११० किलो आणि ४० यार्डांची धाव साडेचार ते पावणेपाच सेकंदांत. मधला तो माइक, टाइट एंड (समोरच्या लाइनच्या टोकाला उभा राहणारा, ब्लॉक करणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) ज्या बाजूला उभा राहतो तिकडचा सॅम, उलट्या बाजूचा विल. हल्ली पासिंग इतकं वाढलंय की बहुतेक खेळींना तीनऐवजी दोनच लाइनबॅकर मैदानात असतात आणि तिसऱ्याच्या जागी एक जादा कॉर्नर येतो. म्हणजे नोकऱ्या आधीच कमी झाल्यात, हेही लक्षात ठेवा.

२००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो आणि हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका. बहुतेक संघांत हा ठिपका माइककडे. प्ले क्लॉकवर, म्हणजे खेळी सुरू करायला दिलेल्या वेळाच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की कोचचा आवाज बंद होतो. त्यानंतर समोरच्या संघाने रचना बदलली, टाइट एंडला इकडून तिकडे हलवलं, तर उत्तर शोधायचं आणि दहा जणांना ओरडून सांगायचं ते या एका माणसाने. ऐंशी हजार लोक किंचाळत असताना.

स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, की चांगला लाइनबॅकर चेंडूकडे बघत नाही. तो गार्डकडे बघतो. गार्ड पुढे झेपावला तर रन, म्हणजे चेंडू हातात घेऊन धाव. उठून मागे सरकला तर पास. लाइन सोडून आडवा पळाला तर खेळ बहुधा त्याच्या पाठोपाठ त्याच बाजूला. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाईवाल्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघतो, तसाच हा प्रकार. आणि समोरच्यांनाही हे ठाऊक असतं. प्ले-अ‍ॅक्शनमध्ये रन होणार असा देखावा करून लाइनबॅकरला दोन पावलं पुढे ओढतात आणि त्याच्या डोक्यावरून पास टाकतात. आरपीओ (रन की पास हे ऐनवेळी ठरवायचा डाव) त्याहून वाईट: लाइन खरोखरच रनसाठी ब्लॉक करते, क्वार्टरबॅक (पास टाकणारा, डाव चालवणारा) एका लाइनबॅकरवर नजर ठेवतो, तो पुढे आला तर त्याने सोडलेल्या जागेत पास, थांबला तर रन. त्या लाइनबॅकरने काहीही केलं तरी तो चुकलेलाच दिसतो. व्हिडिओच्या खोलीत अशा खेळीनंतर पोरं मान खाली घालून बसतात आणि कोच म्हणतो, यात तुझी चूक नव्हती, पुढचं लाव.

म्हणून आठवड्याचा बहुतेक वेळ अंधाऱ्या खोलीत जातो. एनएफएलमध्ये रविवारी सामना, सोमवारी त्याचा व्हिडिओ आणि दुखण्यांची यादी, मंगळवार बहुतेकांना सुट्टी (उपचारांना सुट्टी नाही), बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या पहिल्या दोनांचे) डाव, गुरुवारी तिसऱ्या डाउनचे, शुक्रवारी रेड झोन (गोलरेषेआधीचे वीस यार्ड), शनिवारी हलकी उजळणी आणि बहुतेकदा विमान. करारानुसार हंगामात पॅड घालून सराव करण्याचे दिवस एकूण १४च. हे लोकांना खरं वाटत नाही. एवढा धडाकेबाज खेळ, पण आठवडाभर सगळे बसून बघत असतात, चालत असतात, आणि गुडघ्याला बर्फ लावून झोपत असतात.

आता ल्यूक कीकली. माझ्या मते हे करिअर नीट समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्यात सगळं आहे आणि कुठेही खलनायक नाही. सिनसिनाटीचा मुलगा, बॉस्टन कॉलेजात शिकला, २०१२च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे, तो कार्यक्रम) कॅरोलायना पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित, दुसऱ्या वर्षी, २०१३ला, संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. त्याच डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध एका सामन्यात २४ टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला इतक्यांदा पाडलं. अंगाने तो राक्षस नव्हता. समोरच्यांची रचना बघून येणारा डाव तो आधीच ओरडून सांगायचा, आणि डाव खरंच तोच यायचा. मैदानावरच्या मायक्रोफोनमधलं त्याचं ओरडणं आजही कोच मुलांना ऐकवतात. मीही ऐकवते, जो पोरगा फक्त वजन उचलत बसतो त्याला.

२०१५च्या पहिल्याच सामन्यात त्याला कन्कशन (धक्क्याने मेंदूच्या कामात होणारा बिघाड) झालं, तीन सामने बाहेर. त्याच हंगामात पँथर्स सुपर बोल ५० पर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेले आणि डेन्व्हरकडून हरले. १७ नोव्हेंबर २०१६च्या रात्री सेंट्सविरुद्ध पुन्हा मार बसला. या वेळी तो मैदानावर बसून हुंदके देत होता, श्वास लागत नव्हता, आणि कार्टवरून त्याला आत नेलं. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना आकडे आठवत नसतील, ते रडणं आठवतं. आमच्या क्षेत्रातल्यांना त्याचं नवल वाटलं नाही. कन्कशनमध्ये भावनांवरचा ताबा सुटणं हे एक ओळखीचं लक्षण आहे. उरलेला हंगाम तो खेळला नाही. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध पुन्हा डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर जावं लागलं. याच काळात तो मानेभोवती एक पट्टी घालून खेळायचा, जी शिरांवर हलका दाब देऊन कवटीतलं रक्त किंचित वाढवते आणि मेंदूची हालचाल कमी करते असा दावा आहे. त्या पट्टीच्या पुराव्यांबद्दल मी फार उत्साही नाही, पण त्याने ती का घातली हे कळतं.

आणि तरीही तो पुढची दोन वर्षं उत्तम खेळला. शेवटच्या हंगामातही प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंत, निवडला गेला. १४ जानेवारी २०२० रोजी, २८व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. आठ हंगाम, ११८ सामने, सात प्रो बोल. निरोपाच्या व्हिडिओत तो काय म्हणाला ते थोडक्यात असं: मला खेळायचंय अजून, पण लहानपणापासून मी एकाच पद्धतीने खेळलो, वेगाने आणि ताकदीने, आणि तसं आता जमेल याची खात्री नाही. त्याने डोक्याचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

कीकली एकटा नाही. मार्च २०१५मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्सचे दोन लाइनबॅकर काही दिवसांच्या अंतराने गेले. पॅट्रिक विलिस, वय ३०, आठ हंगामांत सात प्रो बोल. त्याला संपवलं पायांनी, शेवटची शस्त्रक्रिया अंगठ्याची. आणि त्याच्या जागेवर ज्याने छाप पाडली होती तो ख्रिस बोरलँड, वय २४, एकच हंगाम खेळून थांबला, डोक्याच्या भीतीने. करारावर सही करताना मिळालेल्या साइनिंग बोनसचा मोठा हिस्सा त्याला परत करावा लागणार हे माहीत असूनही. त्या वेळी लोकांनी त्याला भित्रा म्हटलं. मला तो त्या वर्षीचा सगळ्यात नीट विचार केलेला निर्णय वाटला होता.

उलट बाजूही आहे. रे लुईस १७ हंगाम खेळला आणि शेवटचा सामना म्हणून सुपर बोल जिंकून गेला. लंडन फ्लेचर १९९८ ते २०१३ असे १६ हंगाम खेळला आणि एकही सामना चुकवला नाही, सलग २५६. पाच फूट दहा इंच उंची, ओहायोतल्या जॉन कॅरल नावाच्या छोट्या विद्यापीठातून आलेला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. असं का होतं, एकाचं शरीर आठ वर्षांत संपतं आणि दुसऱ्याचं सोळा वर्षं चालतं, याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. टॅकलची पद्धत, झोप, नशीब आणि आईबापांकडून आलेली हाडं, याच क्रमाने मी उत्तर देईन, आणि नशीब तिसरं ठेवलंय ते थोडं भीत भीतच.

आत शिरायचं कसं, हे आता पटकन सांगते. अमेरिकेत शाळांमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी सगळ्या जागा मिळून अडीचशेच्या थोडे वर खेळाडू निवडले जातात, त्यात लाइनबॅकर थोडे. शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत ड्राफ्टला पात्रच होता येत नाही. ऑगस्टमध्ये संघात ९० जण असतात, हंगाम सुरू होताना ५३ उरतात. खालच्या फेरीतला किंवा न निवडलेला लाइनबॅकर त्या ५३ मध्ये घुसतो तो बहुधा स्पेशल टीम्समुळे, म्हणजे किकऑफ आणि पंटच्या वेळी (चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे मारताना) धावणाऱ्या पथकात. लॅरी इझो नावाचा लाइनबॅकर ड्राफ्ट न होता १४ हंगाम टिकला आणि न्यू इंग्लंडबरोबर तीन सुपर बोल जिंकला, ते जवळजवळ सगळं याच कामावर. तुमच्या मुलाला पंटच्या पथकात जायचा कंटाळा येत असेल तर त्याला इझोबद्दल सांगा.

सॅम मिल्सचंही. पाच फूट नऊ इंच; क्लीव्हलंडने काढला, कॅनडात टोरोंटोने काढला, मग न्यू जर्सीत शाळेत शिकवत होता. तिथून यूएसएफएल नावाच्या नव्या लीगमध्ये गेला, नंतर सेंट्स, नंतर पँथर्स. २०२२मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, हॉल ऑफ फेममध्ये आला. शार्लटमध्ये पँथर्सच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

आपल्या मराठी घरांना पटेल असं एक उदाहरण: फोयेसाडे ओलुओकुन. येलमध्ये शिकला, २०१८मध्ये सहाव्या फेरीत अटलांटाने घेतला, आणि २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं सबंध लीगमध्ये सर्वाधिक टॅकल त्याचे. येल ज्यात मोडतं त्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, घरच्या उत्पन्नावर आधारित मदत मिळते. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरावर, डिव्हिजन थ्रीमध्येही, खेळाची शिष्यवृत्ती नसते. पण प्रवेश मिळवताना कोचच्या शब्दाला वजन असतं, आणि ज्या मुलाचे गुण चांगले आहेत त्याच्यासाठी फुटबॉलचा हा सगळ्यात खात्रीचा फायदा आहे. तो पैसा कुठल्या कराराच्या कागदावर दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

पैशांकडे येऊ. २०२५मध्ये एनएफएलमधल्या नवख्या खेळाडूचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, तोही पूर्ण हंगाम संघात राहिला तर. प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (सरावापुरते ठेवलेले राखीव खेळाडू) आठवड्याला १३ हजारांच्या घरात, आणि कुठल्याही मंगळवारी हातात नारळ. ऐकायला खूप वाटतं. त्यातून ३ टक्क्यांपर्यंत एजंट, ३७ टक्क्यांपर्यंत केंद्राचा कर, शिवाय ज्या ज्या राज्यात सामना खेळाल त्या राज्याचा तेवढ्या दिवसांचा कर. डॅलस किंवा ह्यूस्टनमध्ये राहून टेक्सासचा आयकर वाचतो, पण कॅलिफोर्नियात खेळलेला आठवडा कॅलिफोर्निया सोडत नाही.

करार चार वर्षांचा असला तरी त्यातली खात्रीची रक्कम म्हणजे साइनिंग बोनस आणि जे स्पष्ट शब्दांत हमीचं लिहिलंय तेवढंच. बाकीचं संघाने ठेवलं तर. खेळाडूंच्या संघटनेचा नेहमी सांगितला जाणारा आकडा सरासरी करिअर ३.३ वर्षांचं असा आहे. लीग म्हणते की हा आकडा फसवा आहे, पहिल्याच वर्षी सुरुवातीच्या संघात आलेल्याचं करिअर सरासरी सहा वर्षं चालतं. दोन्ही आपापल्या मोजणीने बरोबर आहेत. पण तीन हे वर्ष महत्त्वाचं आहे, कारण तीन हंगाम भरले की पेन्शनचा हक्क लागू होतो, आणि मोकळेपणाने दुसऱ्या संघाशी बोलणी करण्यासाठी चार हंगाम लागतात. कित्येकांची गाडी याच दोन टप्प्यांच्या आसपास बंद पडते, कारण तेव्हा तो माणूस महाग झालेला असतो आणि ड्राफ्टमधून त्याच्या अर्ध्या किमतीत नवा येत असतो.

वरच्या टोकाला चित्र वेगळं. रोक्वान स्मिथने जानेवारी २०२३मध्ये बाल्टिमोरशी पाच वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला, एजंटशिवाय, स्वतः बोलणी करून. त्याआधी २०१९मध्ये बॉबी वॅगनरनेही सिअ‍ॅटलशी तीन वर्षांचा ५ कोटी ४० लाखांचा करार स्वतःच केला होता. समोरच्याचा डाव वाचण्याची सवय मैदानाबाहेरही उपयोगी पडली असं म्हणायचा मोह होतो. पण त्यापुढचा आकडाही बघा: पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटला २०२५मध्ये तीन वर्षांचे १२ कोटी ३० लाख मिळाले. कागदावर तोही लाइनबॅकरच, पण तो कडेला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जातो. डाव वाचणाऱ्याला वर्षाला दोन कोटींच्या आसपास, क्वार्टरबॅकला आडवा करणाऱ्याला चार कोटींच्या वर. वाचन करणारा माइक संघाला हवा असतो, पण पैसे मोजायची वेळ आली की लीग त्याला दुसऱ्या रांगेत बसवते. तुमचा मुलगा उंच असेल, हात लांब असतील आणि पहिलं पाऊल झटकन पडत असेल, तर कोच त्याला कॉलेजात कडेला सरकवतील, सरकवू द्या.

आता माझं खातं. लाइनबॅकरचं सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे स्टिंगर. टॅकल करताना खांदा खाली दाबला जातो, मान उलट्या बाजूला वाकते, मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसतो आणि अख्ख्या हातातून वीज गेल्यासारखी आग होते. काही सेकंदांत, कधी काही मिनिटांत जातं. पोरं हात झटकत परत रांगेत उभी राहतात आणि सांगत नाहीत. आम्ही पहिला प्रश्न विचारतो: एका हातात की दोन्ही? एकात असेल तर बहुधा स्टिंगर. ताकद आणि मानेची हालचाल पूर्ण परत आली की खेळू देता येतं. दोन्ही हातांत किंवा पायांत मुंग्या असतील तर ते स्टिंगर नाही, तिथे मणक्याचा विचार करायचा, मान हलवायची नाही आणि खेळ तिथेच संपतो. हा एक प्रश्न तुमच्या मुलाला पाठ असायला हवा.

मानेचं नातं डोक्याच्या दिशेशी आहे. डोकं खाली घालून, हेल्मेटच्या टाळूने धडक दिली की मानेचे मणके सरळ रेषेत येतात आणि सगळा धक्का त्यांच्यावर जातो. १९७६मध्ये शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये अशी धडक नियमाने बंद झाली आणि मानेखाली लुळं पडण्याच्या घटना झपाट्याने कमी झाल्या. पण कमी झाल्या, थांबल्या नाहीत. ४ डिसेंबर २०१७ रोजी सिनसिनाटीत पिट्सबर्गचा रायन शेझियर, वय २५, एका साध्या टॅकलला डोकं खाली घेऊन गेला आणि उठला नाही. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, मोठ्या कष्टाने तो पुन्हा चालायला लागला, खेळला मात्र कधीच नाही. लीगमधल्या सगळ्यात वेगवान लाइनबॅकरांपैकी एक होता.

मेंदूबद्दल माहीत आहे तेवढं सांगते. सीटीई हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला मेंदूचा आजार आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित करता येतो. बॉस्टन विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासात एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत तो सापडला. हा आकडा ऐकून लोक हादरतात, पण ते दान केलेले मेंदू होते आणि लक्षणं दिसली म्हणूनच अनेक घरांनी दान केले होते; सगळ्या खेळाडूंत ९९ टक्के असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच गटाचा पुढचा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: जितकी वर्षं खेळलं, तितका धोका वाढत जातो, आणि त्यात कन्कशनची संख्या मोजण्यापेक्षा वर्षं मोजलेली जास्त कामी येतात. कारण लाइनबॅकर प्रत्येक खेळीला कुणाला तरी धडकतो. त्यातल्या बहुतेक धडकांना काहीच लक्षण नसतं. लाइनबॅकर ज्युनियर सेआउ २० हंगाम खेळला, त्याच्या नावावर कन्कशनची फारशी नोंद नव्हती. मे २०१२मध्ये, ४३व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं आणि तपासणीत सीटीई निघाला.

एनएफएलने २०२२पासून सराव शिबिरात लाइनबॅकर आणि लाइनमधल्यांना हेल्मेटवर मऊ आवरण घालणं सक्तीचं केलं. काही नसण्यापेक्षा बरं. खरा फरक पडतो तो सरावातल्या धडका कमी केल्याने, आणि याबाबतीत टेक्सासच्या शाळांचं कौतुक करायला हवं: तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने प्रत्येक खेळाडूसाठी पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला ९० मिनिटांवर आणला आहे. २०११च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे कन्कशनची शंका असलेल्या मुलाला त्या दिवशी परत मैदानात पाठवता येत नाही आणि डॉक्टरच्या सहीशिवाय नंतरही नाही.

खेळ संपल्यावर काय? इथे लाइनबॅकरची बाजू बरी आहे. कीकलीने निवृत्तीनंतर काही काळ पँथर्ससाठीच खेळाडू पारखण्याचं काम केलं. ह्यूस्टन टेक्सन्सचा मुख्य कोच डिमेको रायन्स त्याच संघाचा लाइनबॅकर होता, न्यू इंग्लंडचा मुख्य कोच माइक व्रेबेल लाइनबॅकर होता, २०२४मध्ये तिथे मुख्य कोच असलेला जेरॉड मेयोही लाइनबॅकर. अकरा जणांची कामं पाठ असलेल्या माणसाला कोचिंगच्या दारात फार वेळ उभं राहावं लागत नाही. अर्थात हे दार ५३ जणांतल्या किती जणांना उघडतं, हा वेगळा हिशोब.

मुलाने ‘आपल्यातलं कुणी तिथे पोचलंय का’ असं विचारलंच, तर ब्रँडन चिलर हे नाव सांगा. वडील भारतीय, यूसीएलएमधून २००४मध्ये चौथ्या फेरीत रॅम्सने घेतला, पुढे ग्रीन बे पॅकर्स, सात हंगाम लाइनबॅकर. नंतर भारतात अमेरिकन फुटबॉलची जी लीग काढली गेली तिच्या पाठीराख्यांत तो होता. २०१२च्या तिच्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज नावाचा संघही होता. सामने झाले कोलंबोत. लीग पुढे फार चालली नाही.

तर अटी. शाळेत पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे का ते आधी बघा. नसेल, तर मी माझ्या मुलाला तिथे लाइनबॅकर खेळू दिलं नसतं, एवढं स्पष्ट सांगते. टॅकल कसं शिकवतात ते एका सरावाला उभं राहून पाहा: डोकं वर, नजर समोर, खांद्याने धडक. कोच ‘हेल्मेट घाल त्याच्या छातीत’ असं ओरडत असेल तर दुसरी शाळा शोधा. हिवाळ्यात त्याला कुस्ती किंवा वसंतात धावण्याच्या शर्यती करू द्या. बारा महिने फुटबॉलच खेळणाऱ्या पोरांचे खांदे माझ्याकडे लवकर येतात. कॉलेज निवडताना फुटबॉल उद्या सुटला तरी तिथे शिकायला आवडेल का, एवढं एकच त्याला विचारा. हल्ली कॉलेजच खेळाडूंना पैसे देऊ शकतात आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात उड्या मारणं सोपं झालंय, त्यामुळे अठराव्या वर्षी आकडे दाखवणारे लोक दारात येतील. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

आणि वडिलांसाठी. बंद कर म्हटलं की सोळा वर्षांचा मुलगा दुखणं लपवायला लागतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वाद घालायची इच्छा उरलेली नाही. त्यापेक्षा त्याच्याशी एक करार करा: डोकं गरगरलं, उजेड सोसवेना, हातात आग झाली, तर तो त्याच दिवशी ट्रेनरला सांगेल, आणि त्याने सांगितलं म्हणून तुम्ही त्याचा फुटबॉल बंद करणार नाही, निर्णय डॉक्टर घेतील. दुसऱ्या कन्कशननंतर काय करायचं ते आत्ताच, डोकं शांत असताना ठरवून कागदावर लिहा, तिघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत ट्रेनरकडे द्या. ऑगस्टमध्ये दोनदा सराव असण्याचे दिवस सुरू होतात, त्याआधी हे उरकून टाका.